मावशीला विचारा: बारा मिनिटांचं महायुद्ध आणि ग्वाल्हेरचं एक जहाज

या महिन्यात चार पत्रं एकाच विषयाची आली, चारही आपल्या ग्वाल्हेरचीच, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज सगळी जागा महायुद्धालाच देते. शाळांमधे प्रेझेंटेशनचे दिवस आहेत, घराघरात तेच चाललेलं दिसतंय.

प्रश्न: मावशी नमस्कार, मी नववीत आहे, लष्कर भागात राहते. सोशल सायन्सच्या मॅडमनी आमच्या चौघींच्या ग्रुपला पहिलं महायुद्ध दिलंय, बारा मिनिटं बोलायचं आणि पीपीटी दाखवायची, हातात दहा दिवस आहेत. मी नेटवर बसले तर इतकं काही आलं की चाळीस स्लाईड झाल्या आणि अजून आम्ही १९१६ पर्यंत पण नाही पोचलो. त्यात एका साईटवर सोमच्या लढाईत पहिल्या दिवशी ५७ हजार इंग्रज मेले लिहिलंय आणि दुसरीकडे १९ हजार, मग खरं कोणतं? मॅडम म्हणाल्या कॉपी-पेस्ट दिसलं तर मार्क कापणार. आम्ही काय करू?

उत्तर: बाळा, आधी त्या आकड्याचं सांगते कारण तो तुला अडला हीच चांगली गोष्ट आहे, बरीच मुलं दोन्ही पैकी मोठा आकडा उचलतात आणि पुढे जातात. १ जुलै १९१६ ला ब्रिटिश सैन्याची जी हानी झाली तिचा आकडा ५७,४७० आहे, आणि त्यातले मेलेले १९,२४०. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत, चूक झालीय ती शब्दात. इंग्रजीत जो 'कॅज्युअल्टी' शब्द येतो त्यात मेलेले, जखमी, बेपत्ता, कैद झालेले सगळे धरतात, आणि भाषांतर करणारा सरळ 'मृत' लिहून मोकळा होतो. आपल्याकडे यासाठी जुना चांगला शब्द आहे, हताहत. हत म्हणजे मेलेले आणि आहत म्हणजे घायाळ, पेपरात आपण रोज वाचतो पण तो फोडून बघत नाही. स्लाईडवर हताहत लिही आणि खाली त्यातले मृत किती ते वेगळं लिही. आणि आता जिथे जिथे मोठा आकडा दिसेल तिथे हाच प्रश्न विचार की यात कोण कोण धरलंय. भारतातून किती माणसं गेली याचंच बघ, कुठे दहा लाख, कुठे तेरा, कुठे चौदा लाख मिळेल, कारण कोणी फक्त समुद्रापलीकडे गेलेले मोजतो, कोणी सगळी भरती मोजतो, कोणी बंदूकवालेच मोजतो आणि कोणी त्यांच्याबरोबरचे भिश्ती, आचारी, खेचरवाले, डोलीवाले, धोबी पण धरतो. मेलेल्यांचा आकडा साधारण ७४ हजार दिला जातो.

आता चाळीस स्लाईडचं. बारा मिनिटात चार वर्षांचं युद्ध, तीसच्या वर देश, हे नाही होत ग, तू कितीही भराभर बोललीस तरी नाही होत, आणि ऐकणाऱ्या मुलींना शेवटी एक नाव लक्षात राहत नाही. मी तीस वर्ष शाळेत इतिहास शिकवला आणि मला मनापासून वाटतं की मोठ्या गोष्टीत शिरायला आपल्या गावाचं दार सगळ्यात सोपं असतं, आणि ग्वाल्हेरला तर असं दार आहे की दुसऱ्या गावच्या मुलींना हेवा वाटावा. ते दार म्हणजे एक जहाज.

इथे समुद्र कुठे म्हणशील. ऐक. १८९१ साली इंग्लंडमधे बॅरो गावच्या गोदीत एक सुंदर पांढरं जहाज बांधलं गेलं, नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया', एका कॅनडाच्या रेल्वे कंपनीचं, व्हँकुव्हरहून जपान आणि हाँगकाँगला प्रवासी आणि टपाल न्यायचं. १९१४ मधे युद्ध पेटलं आणि त्याच डिसेंबरात आपले माधवराव महाराज शिंदे यांनी ते विकत घेतलं, बाकीच्या संस्थानिकांनी पण पैशाची मदत केली, आणि त्याचं हॉस्पिटल केलं, जानेवारी १९१५ मधे नाव ठेवलं 'लॉयल्टी'. म्हणजे ज्या महाराज बाड्यावरून तुम्ही रोज शाळेत जाता तिथल्या राजाच्या पैशाने घेतलेलं जहाज जखमी सोल्जर ने-आण करत होतं. बाड्यावरून जाताना एकदा हे आठवून बघ.

पण हॉस्पिटल जहाज लागलंच का? हा प्रश्न विचारलास की महायुद्धाची कारणं आपोआप येतात, वेगळी रटावी लागत नाहीत. साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेली गोळी २८ जून १९१४ ची, बरोबर एक महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं, आठवड्याभरात जर्मनी, रशिया, फ्रान्स, बेल्जियम, इंग्लंड सगळे आत. इंग्लंड आत म्हणजे आपण आत, आपल्याला कोणी विचारलं नाही. मग शरद ऋतूत तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला आणि इराणच्या आखाताजवळ आबादानला इंग्रजांची तेलाची रिफायनरी होती, ती वाचवायला भारतातून सैन्य गेलं आणि नोव्हेंबर १९१४ मधे बसरा घेतलं. पुढे तिकडे जखमींचे इतके हाल झाले, नदीतल्या उघड्या पडावांवर दिवस दिवस उन्हात पडून होते, औषध नाही, पट्टी नाही, की इंग्लंडात चौकशी कमिशन बसलं आणि १९१७ मधे ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननी राजीनामा दिला. हॉस्पिटल जहाज का लागलं याचं याहून मोठं उत्तर नको.

चौघी आहात ना, मग असं करा की एकीने जहाज कुठून आलं ते सांगायचं, दुसरीने ते का लागलं, तिसरीने त्या काळात आपली माणसं कुठे कुठे लढत होती ते, आणि चौथीने जहाज परत आल्यावर देश कसा होता ते. तिसरीसाठी सांगते, पूर्व आफ्रिकेत टांगा म्हणून बंदर आहे, आताच्या टांझानियात, तिथे नोव्हेंबर १९१४ च्या सुरुवातीला भारतातून आठ हजाराच्या आसपास सैन्य उतरवलं आणि त्यात ग्वाल्हेर संस्थानची इन्फन्ट्री पण होती. समोर जर्मनांकडे जेमतेम हजार माणसं, त्यांचा सेनापती लेट्टो-फोरबेक, आणि तरी आपल्या बाजूची दाणादाण झाली, रायफली मशीनगन टाकून परत बोटीत चढावं लागलं. झाडाझाडांवर मधमाशांची पोळी होती, गोळ्यांनी ती उठली आणि माशा दोन्हीकडच्यांना चावल्या, म्हणून त्या लढाईला मधमाशांची लढाई पण म्हणतात. नेटवर मिळेल की जर्मनांनी मुद्दाम तारा बांधून पोळी उठवली, ती अफवा आहे, ती घेऊ नकोस.

चौथीचा भाग मला सगळ्यात आवडतो. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या, पण आपल्याकडे काय चाललं होतं? जूनमधे मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला आणि रेल्वेच्या रुळांनी गावोगाव गेला, आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणायचे, आणि त्यात भारतात कोटभराच्या वर माणसं गेली. म्हणजे युद्धात जितके भारतीय मेले त्याच्या शंभरपटीहून जास्त या साथीत. आणि धान्य महाग, कापड महाग, त्यावर रौलट कायदा. त्याच वेळी वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी हेच लॉयल्टी जहाज ग्वाल्हेर दरबाराकडून विकत घेतलं आणि स्वतःची जहाज कंपनी काढली, नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, सिंदिया म्हणजे आपले शिंदेच. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं, भारतीय कंपनीचं जहाज, इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून. तोच ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. आता तारखा शेजारी शेजारी ठेव: ५ एप्रिलला जहाज निघालं, ६ एप्रिलला रौलट विरुद्ध देशभर हरताळ, १३ एप्रिलला जालियनवाला बाग. नऊ दिवसांतलं आहे हे सगळं. शेवटच्या स्लाईडवर फक्त या तीन तारखा टाका, काही बोलू नका, वर्ग आपोआप गप्प होईल.

एक सावधगिरी. माधवराव महाराजांनी याआधी पण एक हॉस्पिटल जहाज दिलं होतं, १९०० च्या चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळी, त्याचं नाव 'ग्वालियर'. नेटवर ही दोन जहाजं एकमेकांत मिसळलेली सापडतात. नाव आणि साल दोन्ही जुळलं तरच घ्या.

कॉपी-पेस्टचा उपाय एकच, वाचून झालं की लॅपटॉप बंद कर आणि आईला किंवा आजीला स्वैपाकघरात उभं राहून ते सांग, जसं सांगशील तसंच वहीत उतरव, आणि ज्या जागी अडशील तेवढंच परत वाच. आणि एक, जुन्या मराठी पेपरात शोधणार असाल तर 'पहिलं महायुद्ध' शोधून काही मिळायचं नाही, तेव्हा दुसरं कुठे झालं होतं, तेव्हा ते नुसतं 'महायुद्ध' किंवा 'युरोपातलं युद्ध'. आपल्या संस्थानचा पेपर होता 'जयाजी प्रताप', १९०५ पासूनचा. बाड्यावरच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन त्या सालांचं काही बघायला मिळतं का विचारा, शाळेचं पत्र बरोबर न्या, आणि चौघी एकदम जाऊ नका, दोघी जा.

प्रश्न: ताई, मुलगा आठवीत आहे, त्याने एआयला सांगितलं आणि दोन मिनिटात महायुद्धाचं पूर्ण प्रेझेंटेशन फोटोसकट तयार. मला बघायला चांगलं वाटलं पण मन मानत नाहीये. चालू द्यावं का? थाटीपूर.

उत्तर: तुमचं मन बरोबर सांगतंय. बंद करा असं मी म्हणणार नाही, पण त्या प्रेझेंटेशनला कच्चा माल समजा आणि त्याला म्हणा की यातलं प्रत्येक नाव, प्रत्येक साल दुसऱ्या दोन ठिकाणी दाखव, पुस्तकात किंवा म्युझियमच्या साईटवर. जे सापडणार नाही ते काढून टाकायचं. मला खात्री आहे त्याला हे काम स्लाईड बनवण्यापेक्षा जास्त आवडेल, मुलांना चूक पकडायला फार आवडतं.

फोटो तर नक्की तपासा. घरी बसून होण्यासारखी परीक्षा सांगते. फोटोखाली १९१४ लिहिलंय आणि पायदळातल्या सोल्जरच्या डोक्यावर लोखंडी टोप आहे तर तो फोटो १९१४ चा नाही, कारण युद्ध सुरू झालं तेव्हा पायदळ कापडाच्या नाहीतर चामड्याच्या टोप्या घालूनच लढत होतं, फ्रेंचांचा लोखंडी टोप १९१५ मधे आला, इंग्रजांचा पण त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी आणि जर्मनांचा १९१६ मधे. रणगाडा दिसला तर तो सप्टेंबर १९१६ च्या नंतरचाच. विषारी गॅसचे मास्क दिसले तर एप्रिल १९१५ च्या नंतरचा, बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन सोडला त्यानंतरचा, तिथे आपल्या लाहोर डिव्हिजनचे शिपाई पण होते. आणि एआयने बनवलेल्या फोटोत हातांची बोटं, बिल्ल्यांवरची अक्षरं आणि बंदुकीचे पट्टे बघा, तिथे गडबड सापडते. खरे फोटो हवे असतील तर लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या साईटवर आहेत, खाली कोणी कुठे केव्हा काढला ते लिहिलेलं असतं. ते खालचं लिहिलेलं पण स्लाईडवर घ्यायला सांगा.

त्याला एक गोष्ट ऐकवा. जर्मनीत बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला एक कैद्यांचा कँप होता, तिथे भारतीय सोल्जर पण होते, आणि जर्मन प्रोफेसरांनी त्यांचे आवाज तबकडीवर रेकॉर्ड केले, अभ्यासासाठी. मल्ल सिंग नावाचा एक पंजाबी शिपाई ११ डिसेंबर १९१६ ला त्या भोंग्यासमोर उभा राहून एका माणसाची गोष्ट सांगतो, जो हिंदुस्थानात लोणी खायचा, मग इंग्रजांनी युद्धावर आणला, जर्मनांनी पकडला, आता त्याला परत घरी जायचंय. एक-दीड मिनिटाची गोष्ट असेल. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो खरखरता आवाज आणि मधेच घेतलेला श्वास, त्या रात्री मला झोप नाही आली. एआयचं प्रेझेंटेशन राहू द्या बाजूला, हे एक वाक्य त्याने स्वतः पंजाबीचं मराठी करून वर्गात वाचलं तरी पुरे.

प्रश्न: मी मुरारहून लिहितोय, दहावी. युद्ध कोणामुळे झालं यावर एक स्लाईड करायची आहे. सर म्हणाले प्रिन्सिपने गोळी मारली म्हणून, मित्र म्हणतो जर्मनीमुळे. काय लिहू?

उत्तर: दोघांचं अर्ध अर्ध बरोबर आहे. साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारणारा गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा होता, तुझ्याहून तीनचार वर्षांनी मोठा, वीस पूर्ण नव्हते म्हणून फाशी झाली नाही, १९१८ मधे जेलमधे क्षयाने गेला. त्याने गोळी झाडली हे कारण नाही, निमित्त आहे. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितलं की काहीही करा आम्ही पाठीशी आहोत, ३० जुलैला रशियाने सगळं सैन्य हलवायला सुरुवात केली, १ ऑगस्टला जर्मनीने रशियावर युद्ध पुकारलं, ३ ला फ्रान्सवर, ४ ला बेल्जियममधे घुसले आणि त्याच दिवशी इंग्लंड उतरला. ही साखळी जशीच्या तशी एका खाली एक लिही आणि विचार की कोणत्या कडीवर कोण थांबू शकला असता. वर्गात चर्चा होईल, सरांना पण आवडेल. २८ जून १९१९ ला व्हर्सायचा तह झाला, गोळीपासून बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला, आणि त्यात २३१ व्या कलमात जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर टाकली. इतिहासकार आजपण यावर भांडतात.

आणि प्रिन्सिप सँडविच खात होता आणि अचानक युवराजाची मोटार समोर आली ही गोष्ट टाकू नकोस, सँडविच मागाहून चिकटवलेलं आहे. ड्रायव्हर चुकीच्या गल्लीत वळला आणि गाडी थांबली, एवढं खरं.

प्रश्न: सौ. मावशींस नमस्कार. माझं वय ७८, दौलतगंजात पिढ्यानपिढ्याचं घर. आमचे आजोबा बसऱ्याला लढाईवर गेले होते असं वडील सांगायचे, आजोबा परत आले, पण कधी बोलले नाहीत. एक गोल चांदीचं मेडल आहे, राजाचं चित्र आणि मागे घोड्यावरचा माणूस, बाकी कागद एकही नाही. नातीला शाळेत महायुद्धावर बोलायचंय, ती मागे लागलीय की खापरपणजोबांचंच सांगते. काही शोधता येईल का?

उत्तर: काका, नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला भरून आलं, आणि आधी हे सांगते की मेडल पॉलिश करू नका, ब्रासो-चिंच काही लावू नका, काही म्हणजे काही नाही.

ते घोडेस्वाराचं मेडल ब्रिटिश वॉर मेडल आहे आणि नातीचा पहिला पुरावा त्याच्या कडेवर आहे, चित्रावर नाही. संध्याकाळी खोलीत अंधार करा, नातीला मोबाईलचा टॉर्च कडेला तिरका धरायला सांगा, समोरून नाही, तिरकाच, आणि मेडल हळूहळू फिरवा. कडेवर छोटी ठोकलेली अक्षरं दिसतील, नंबर, मग हुद्दा, नाव आणि पलटण. झिजलं असेल तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. पलटण मराठ्यांची असेल तर मराठा असं सरळ नसतं, इंग्रज एम-ए-एच करून माहराट्टा लिहायचे. ग्वाल्हेरच्या दरबारी फौजेतले असतील तर तिथे ग्वाल्हेरचं नाव असेल.

पलटणीचा नंबर १०३, ११० किंवा ११७ निघाला तर मात्र नातीला शेजारी बसवूनच पुढचं वाचा. या तीन मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधे होत्या आणि बगदादच्या वाटेवर टेसिफोनच्या लढाईतून मागे फिरून इराकमधल्या कुत गावात अडकल्या, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. शेवटी शेवटी घोडे आणि खेचरं कापून खावी लागली, आपल्यातले बरेच शिपाई धर्म जाईल म्हणून ते मांस खाईनात, उपाशी राहिले, हिरड्या सुजून रक्त यायचं. जनरल टाउनशेंडने शरणागती दिली आणि तेरा हजाराच्या आसपास माणसं कैद झाली, मग वाळवंटातून चालत नेली. तिथून जिवंत परत आलेला माणूस घरी येऊन बोलत नाही, हे समजण्यासारखं आहे काका.

आता एक घोळ टाळा. नेटवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी आहे, नाव टाकून शोधता येतं, पण त्यात फक्त मेलेले आहेत, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे. आजोबा परत आले म्हणजे त्यांचं नाव तिथे नसणार, नात निराश व्हायला नको. पण त्यांच्या पलटणीचं नाव टाकून बघा, त्यांच्याबरोबरचे जे राहिले त्यांची नावं येतील, गावाचं नाव आणि बापाचं नाव पण कधी कधी असतं. आडनाव तीनचार तऱ्हेने लिहून बघा, जाधवचं जाधो, शिंद्यांचं सिंधिया, असं. इंडिया गेटवर पण शोधतील लोक, पण तिथे १३ हजाराच्या आसपासच नावं आहेत आणि त्यात १९१९ च्या अफगाण लढाईतले पण आहेत, सगळे ७४ हजार तिथे नाहीत.

आणि नातीने जे तुमच्याकडून ऐकलंय ते पण लिहून घ्या, आजच, वडील काय सांगायचे, कोणत्या शब्दात, आजोबा कुठल्या दिवशी गप्प बसायचे, काय खायचे नाहीत. वेगळ्या रंगाच्या पेनने लिहा, म्हणजे घरचं ऐकीव कोणतं आणि मेडलवर वाचलेलं कोणतं हे वर्गात दाखवता येईल. कडेवरची अक्षरं लागली की मला एक पोस्टकार्ड टाका काका, नंबर आणि पलटण जशी दिसतेय तशीच उतरवून, अक्षर अर्धं असेल तर अर्धंच.